फाटक्या आवाजाची डबी

राळ जळल्याचा वास आला आणि मेथी निवडता निवडता माझा हात थांबला. कुवेतमध्ये, एगैलातल्या लेकीच्या या घरात एरवी वास येतात ते शेजारच्या ऊदाचे, लिफ्टमधल्या अत्तराचे आणि फारतर आमच्या फोडणीचे. सोल्डरिंगच्या तारेतली राळ इथे कुठून आली? नाक पुढे आणि मी मागे, अशी मी नातीच्या खोलीपाशी पोचले.

इरा जमिनीवर मांडी घालून बसली होती. पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर एक हिरवी पट्टी, तांदळाएवढे सुटे भाग आणि हातात धूर सोडणारं सोल्डरिंगचं टोक. वाढदिवसाला मिळालेल्या पैशांतून तिनं मॉलमधून गिटारचं पेडल आणलं होतं. तयार नव्हे, घरी जोडायचं. पेडल म्हणजे पायाशी ठेवायची पेटी. तिचं बटण पायानं दाबलं की गिटारचा गोड आवाज फाटतो, खरखरतो, हुंदके देतो. ज्यांना हे आवडत नाही त्यांना स्पीकर बिघडला असं वाटतं. ज्यांना आवडतं त्यांना त्याच्याशिवाय दुसरं काही सुचत नाही.

"आजोबा हेल्प करणार आहेत," ती मान वर न करता म्हणाली. "मम्मा म्हणाली, आजोबांनी इथेच कुवेतमध्ये स्वतः पेडल बनवलं होतं. लाँग अगो. सगळं स्वतः."

"हो का?" मी म्हणाले.

"तुला माहीत नाही?"

"ऐकलंय थोडंफार."

बाहेर दिवाणखान्यात आमचे हे सोफ्यावर बसून मोबाइलवर क्रिकेट बघत होते. मी परत येऊन त्यांच्या समोरच्या खुर्चीत मेथी घेऊन बसले. राळेचा वास माझ्या मागोमाग आला आणि शेजारी बसला.

त्या वासाच्या तळाशी एक तळघर आहे. आमच्या इस्पितळाची दुरुस्तीची खोली. राळ, तापलेली धूळ, स्पिरिट आणि आमच्या इजिप्तच्या, म्हणजे मिसरी साहेबांचा पुदिना घातलेला चहा, असा मिळून एक वास तिथे कायम तरंगत असायचा. त्या वासात पांढरा कोट घातलेली एक सडपातळ बाई बसलेली असायची. ती मी. सडपातळ हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. त्या काळचे फोटो उरलेले नाहीत, मग लिहायला काय जातं?

सांगलीहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन, लग्न करून, नवऱ्यामागोमाग इथे आलेली ही बाई हृदयाचे आलेख काढणारी यंत्रं दुरुस्त करायची. आणि रुबाब असा, की हृदयंच दुरुस्त करते आहे. मिसरी साहेब तिला "या मुहंदिसा!" अशी हाक मारायचे. या म्हणजे अगं, मुहंदिसा म्हणजे इंजिनिअरीण. ती हाक ऐकली की तिची मान बोटभर लांब व्हायची. साहेब लिफ्ट चालवणाऱ्यालाही मुहंदिसच म्हणायचे, आणि कँटीनमध्ये चहा गाळणाऱ्यालाही, हे तिच्या लक्षात यायला फार उशीर झाला. तोवर मान लांब राहायची ती राहिलीच.

हे त्याच इस्पितळात एक्स-रे काढायचे आणि शुक्रवारी गिटार वाजवायचे. मानेवर रुळणारे केस होते त्यांना. आता केसांचा विषय निघाला की टोपी शोधतात. इथल्या मराठी मंडळींचा एक हौशी वाद्यवृंद होता आणि त्याची तालीम जहरा गावी हसनभाईंच्या दुकानामागच्या गोदामात चालायची. हसनभाई रत्नागिरीकडचे. किराणा विकायचे आणि ढोलकी वाजवायचे, आणि दोन्हीत हात सारखाच सैल. गोदामात कांद्याची पोती, खजुराचे डबे, गावाहून आलेले सुक्या कोलंबीचे सोडे. सोड्याच्या वासात भावगीतं बसवणं ही काय चीज आहे, ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. भावना आपोआप दाटून यायच्या, डोळ्यांतून पाणीसुद्धा.

ते नव्वद साल होतं, आणि हिवाळा. कुवेतची थंडी कोणाला सांगून पटत नाही. वाळवंटावरून येणारा वारा दाराच्या फटीतून सुरीसारखा आत घुसायचा. सबाह अल-सालेममध्ये एका कुवेती घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. शुक्रवारी दुपारी नमाजानंतर सगळा मोहल्ला शांत व्हायचा, अंगणात ऊन पसरायचं आणि घरमालकांच्या म्हाताऱ्या आई त्या उन्हात पाय टाकून बसायच्या. त्या उन्हाचा रंग मला अजून आठवतो. गव्हाच्या कोंड्यासारखा होता.

अशाच एका शुक्रवारी हे कुठल्याशा हॉटेलात फिलिपिनो बँड ऐकून आले आणि जेवेनात.

"काय झालं?"

"त्यांचा गिटारवाला. पायाशी एक डबी होती गं त्याच्या. बटण दाबलं की गिटार नुसती रडायची. माणूस रडतो तशी. घसा फाटून. आपली गिटार बघ, बालवाडीतल्या बाईंसारखी बोलते."

"मग घ्या की तसली डबी."

"इथे मिळत नाही. त्यानं बाहेरून आणलीय. हातसुद्धा लावू देत नाही."

यावर मुहंदिसाबाई हसल्या. आज ते हसू आठवलं की मला त्यांच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो. त्या म्हणाल्या, "एवढंच ना? अहो, आवाज फाटणं म्हणजे लाटेचं डोकं कापलं जाणं. आमच्या मशीनमध्ये असं झालं तर आम्ही ते दुरुस्तीला घेतो. दिवसभर मी जे नीट करते, ते एकदा बिघडवून देते तुम्हाला. त्यात काय!"

त्यात काय, हे दोन शब्द ज्या बाईला वेळेवर गिळता येतात ती सुखी होते.

मग सुरू झालं. सगळं आत बसवायला डबी हवी होती, तर इस्पितळाच्या भंगारात टाकलेली स्टीलची सिरिंज उकळायची डबी मिळाली. काचेच्या सिरिंजा बंद होऊन बराच काळ लोटला होता, पण तिच्या झाकणाला अजून दवाखाना चिकटलेला होता. पायानं दाबायचं बटण मोडीत निघालेल्या सक्शन मशीनचं. या मोडक्या वस्तू साहेबांनी खुशाल ने म्हणून सांगितलं होतं. बाई गिटारसाठी काही बनवते आहे हे ऐकून ते इतके हसले, की चहा कोटावर सांडला. "इस्पितळातून माणसं बरी होऊन बाहेर पडतात, या मुहंदिसा. तू आजार बाहेर नेते आहेस!"

पहिली डबी तयार झाली तेव्हा जहरात सगळे जमले होते. ह्यांनी गिटार जोडली, डबी पायाशी ठेवली, केस मागे टाकले, बटण दाबलं आणि तार छेडली.

आवाज आला. पण कुठून? गिटारला चार रजया पांघरून कोणी तरी लांबच्या खोलीत नेऊन निजवलं असावं असा. गुंऽ गुंऽ गुंऽ. शब्द नाही, धार नाही. ह्यांनी पुन्हा छेडली. गुंऽ.

हसनभाईंनी ढोलकीवर हात तसाच ठेवून विचारलं, "वयनी, म्हशीला सर्दी झालीसा वाटता. वाफ देव काय?"

कांद्याची पोती धरून लोक हसले. मुहंदिसाबाई मात्र गोऱ्यामोऱ्या होऊन घरी आल्या, रात्रीचा भात करपवला, आणि भात खरवडता खरवडता त्यांच्या डोक्यात उजेड पडला. हृदयाचा आलेख काढताना आम्ही एका ठरावीक पट्टीच्या वरचे सगळे आवाज गाळून टाकायचो. हृदयाला तिच्या वरचं काही लागतच नाही; तिथे नुसता कचरा असतो, विजेची गुणगुण, स्नायूंची थरथर. हात इतके सवयीचे झालेले, की गिटारच्या डबीतही बाईंनी तीच गाळणी बसवली होती. आणि गिटारचं तर सगळं आयुष्य त्या पट्टीच्या वरच असतं. मी कचरा समजून तिचं गाणंच गाळून टाकलं होतं.

ही चूक कोणा ऐऱ्यागैऱ्याला करता येणार नाही. ती करायला कित्येक वर्षं हृदयांची यंत्रं हाताखालून जावी लागतात. मला त्या चुकीचा आजही थोडा अभिमान आहे. गाढवपणाचा अभिमान म्हणा हवं तर.

त्यानंतरच्या शुक्रवारांना मी कोणाला हात लावू देत नाही. मनात सुद्धा जपून उघडते. अंगणात सतरंजी घातलेली. तेलावर चालणारा हीटर आमच्यामध्ये, त्याचा तो गरम, गोडसर वास. हे गिटार घेऊन बसलेले, मी डबी उघडी टाकून. त्यांनी एकच सूर धरायचा आणि मी एक भाग काढून दुसरा लावायचा. पुन्हा तोच सूर. पुन्हा दुसरा भाग. मान हलवून हो किंवा नाही, इतकंच बोलणं.

"अजून थोडं रडव."

"आता?"

"आता नाटकी रडते आहे. जरा कमी."

सूर आधी फुगवायचा, इतका की त्याचं डोकं छताला टेकावं, आणि मग ते डोकं उडवायचं. उडवायला दोन डायोड, उलटसुलट तोंडं करून बसवलेले. एक वरून कापतो, एक खालून. सारखं कापलं तर आवाज येतो तो गिरणीचा. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी कापलं की मगच त्यात माणूस बोलायला लागतो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. एका दुपारी जुन्या रेडिओतले काचेचे डायोड चुकून एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक असे लागले, आणि ह्यांनी सूर धरला, आणि घरमालकांच्या आईंनी उन्हातून मान वळवून विचारलं, "मीन यब्की?" कोण रडतंय?

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. ह्यांनी माझा हात धरला होता. सोल्डरिंगचं टोक अजून त्याच हातात होतं, त्यामुळे फार वेळ धरता आला नाही.

डबी बंद करायच्या आधी हे म्हणाले, "आतमध्ये काही तरी ओतून टाक. कोणी उघडलं तर नक्कल करेल." मला ते पटलं. दातांच्या विभागात कवळ्या बनवायची गुलाबी भुकटी असते. तिच्यात एक उग्र वासाचं पाणी घातलं की दगड होतो. ती ओतली. माझे सोल्डरचे सगळे सांधे, एकेक पुसून चमकवलेले, त्या गुलाबी हिरडीत बुडाले. किती सुबक होते ते! एका तारेवर दुसरी तार चढलेली नव्हती. मीच ओतलं, मीच घोटून सपाट केलं आणि वर फुंकर घातली लवकर सुकावं म्हणून. एवढी आज्ञाधारक बाई मी पुन्हा पाहिली नाही.

"महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात तुला स्टेजवर बोलवणार," हे म्हणाले. "सगळ्यांसमोर. हिनं बनवलं म्हणून सांगणार. बघ लोक कसे उभे राहतात ते."

मी नको नको म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी आकाशी साडीला खळ घातली.

ईद झाली, उन्हं तापली आणि एका शाळेच्या सभागृहात आमचा कार्यक्रम झाला. बाहेर धुळीचं वादळ, आत मोगऱ्याचे गजरे. गजरेसुद्धा मुंबईहून विमानानं आलेले, जरा दमलेले. मी तिसऱ्या रांगेत कडेला बसले, म्हणजे उठून जाताना कोणाच्या गुडघ्यांना धक्का लागायला नको. किती दूरदृष्टी! कडक खळीची साडी अंगावर पत्र्यासारखी उभी होती.

ह्यांनी बटण दाबलं आणि सभागृहातल्या बायका पोळ्या भाजता भाजता चटका बसावा तशा दचकल्या. मग तो सूर वर चढला, घसा फाडून रडला आणि कोणी हललं नाही. गाणं संपल्यावर इतक्या टाळ्या पडल्या, की धुळीचं वादळ आत आलंसं वाटलं. हे माइकपाशी आले. डबी उचलून सगळ्यांना दाखवली.

"हा आवाज विकत मिळत नाही," ते म्हणाले. "ही डबी..."

मी उठले. पूर्ण नाही, अर्धी. खुर्चीपासून वीतभर वर.

"...ही डबी मी स्वतः घरी बनवली आहे."

पुन्हा टाळ्या. मी वीतभर वर तशीच होते. बसावं तर खळीची साडी कुरकुरणार, उभं राहावं तर कशाला? शेवटी वाकून निऱ्या नीट करत असल्याचं नाटक केलं. नीट असलेल्या निऱ्या मी इतका वेळ नीट केल्या, की शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पिन हवी आहे का?"

घरी आल्यावर मी काही बोलले नाही आणि भांडी मात्र फार बोलली.

"अगं, ऐक तरी," हे स्वयंपाकघराच्या दारात. "ऐन वेळी सुचेना. आणि बायकोनं बनवून दिलं म्हटलं असतं तर लोक हसले असते."

"कोणाला?"

ते दाराची कडी खालीवर करू लागले.

"मला हसले असते, की तुम्हाला?"

"गणपतीत सांगतो. शपथ. गणपतीत आधी तेच सांगतो, मग गिटारला हात लावतो."

आणि मी ते मान्य केलं. मान्य करून थांबले असते तरी काही मान राहिला असता. मी डब्यातला आमरस काढून वाटीत वाढला. वर तूप.

गणपतीआधी ऑगस्ट आला. एका सकाळी रस्त्यावर इराकी रणगाडे होते आणि टेलिफोन मेला होता. त्या दिवसांचं काय सांगू? न्हाणीतल्या प्रत्येक भांड्यात भरून ठेवलेलं पाणी. खुबुजच्या रोट्यांसाठी रांगा. खिडक्यांना लावलेले जाड कपडे आणि त्यामुळे दिवसाही तपकिरी दिसणाऱ्या खोल्या. इस्पितळात कामाला जायचं, तर ज्यांचा आवाजच कधी ऐकला नव्हता असे लोक जिन्यात थांबून "पोचलात ना?" म्हणायचे. मिसरी साहेब एक दिवस आले नाहीत, मग कधीच आले नाहीत. त्यांच्या पेल्यात पुदिन्याची काडी वाळून गेली.

तरीही गणपती बसले. आमच्या ओळखीच्या नर्सच्या घरी, कणकेचे, हळदीचं पीतांबर नेसलेले. पाच-सहा घरची माणसं पडदे ओढून उभी राहिली. आरती ओठांतल्या ओठांत. टाळ्या वाजवायच्या नाहीत, म्हणून सगळे तळहात जवळ आणत आणि टेकायच्या आत थांबवत. तो न वाजलेल्या टाळ्यांचा आवाज मी कधी विसरणार नाही.

आणि ऐका. बाहेर लष्कर फिरतंय, उद्याचा भरवसा नाही, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि या बाईच्या मनात काय? आता हे सांगतील. आरती संपली की सांगतील. शपथ घेतली आहे. गणपतीसमोरच आहेत की! प्रसादाची साखर जिभेवर विरघळली, लोक एकेक करून चपला हातात घेऊन गेले, आणि बाई वाट बघत उभी. त्या मुलीला आता मी हसते. पण तिथे मी तिच्याजवळ असते, तर हसले नसते बहुतेक.

सप्टेंबरात निघायचं ठरलं. बस, मग वाळवंट, मग तंबू, मग विमान. माणशी एक पिशवी. मी डबी टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली, ह्यांनी काढली.

"राहू दे गं. पुन्हा होईल."

पुन्हा होईल! जशी काही ती झाडाला लागते. मी ती माळ्यावर पिठाच्या डब्यात ठेवली आणि डब्यावरून हात फिरवला. निघताना देवाला नमस्कार करायचा राहिला. ते बसमध्ये आठवलं.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता आम्ही परत आलो. इस्पितळाला माणसं हवी होती. तेलाच्या विहिरी अजून जळत होत्या. भर दुपारी मोटारींचे दिवे लागलेले, आकाश तव्याच्या पाठीसारखं. पांढरा कोट दोरीवर टाकला तर वाळेपर्यंत राखी व्हायचा. नाक पुसलं तर रुमालावर काजळ. उन्हाचा तो कोंड्यासारखा रंग कुठे दिसेना. अंगणात म्हाताऱ्या आईंची जागाही रिकामी होती.

आमच्या दोन खोल्यांची दारं होती, कड्या नव्हत्या. नळ काढून नेलेले, दिव्यांची बटणं उपटून नेलेली. माळ्यावर पिठाचा डबा नव्हता. मी स्टुलावर चढून हात घालून कोपऱ्यापर्यंत चाचपलं. हाताला काजळी लागली आणि उंदराच्या लेंड्या.

त्याच आठवड्यात जहरात हसनभाईंकडे सगळे जमले. हसनभाई सगळे महिने इथेच होते. दाढी पांढरी झाली होती आणि गोदामात पोती नव्हती. रिकाम्या गोदामात आवाज घुमायचा. कोण परतलं, कोण परतणार नाही, हे बोलून झालं. मग विषय बदलायला कोणी तरी ह्यांना म्हणालं, "तुमची ती डबी हो? रडणारी?"

"गेली," हे म्हणाले. आणि मग त्यांनी गोष्ट सांगायला घेतली. सिरिंजची डबी कशी मिळाली. बटण कुठलं. साहेब कसे हसले. मी भिंतीला टेकून ऐकत होते. म्हटलं, सांगा. ते तर तुम्ही आधीच नेलं आहे.

"पण पहिल्यांदा काय गाढवपणा केला मी!" हे मांडीवर थाप मारून म्हणाले. "हृदयाच्या मशीनची गाळणी घातली की हो त्यात! सवयीनं! गिटार अशी वाजली, रजईत घालून निजवल्यासारखी. गुंऽ गुंऽ!"

लोक हसले. वर्षभर न हसलेली माणसं हसली. एका बाईंनी तर पदरानं डोळे पुसले. ती म्हशीची सर्दी या गोदामात ऐकलेले बरेचसे लोक आता कुठे कुठे पांगले होते. उरलेल्यांना कोणाला आठवलं नाही, की एक्स-रे काढणारा माणूस सवयीनं हृदयाची गाळणी कुठून घालणार?

फक्त हसनभाई हसले नाहीत. चहाची किटली घेऊन माझ्यापाशी आले आणि कप भरता भरता हळूच म्हणाले, "वयनी, बोला की काय ता."

त्या हसणाऱ्या तोंडांकडे मी पाहिलं. माणसं घरंदारं गमावून आलेली, आणि मी काय मागणार होते त्यांच्यात उभी राहून? माझी चूक?

"साखर कमी आहे, हसनभाई," मी म्हणाले.

त्यांनी किटली खाली ठेवली. मग साखर आणायला गेले. साखर तेव्हा मिळत नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

कौतुक नेलं, ते एक वेळ मी समजून घेतलं होतं. कौतुक टाळ्यांबरोबर विरून जातं. पण करपलेला भात खरवडताना डोक्यात पडलेला तो उजेड, ती फजिती, तो माझ्या हातांना जडलेला वेडेपणा, तो तर माझा होता ना? त्या दिवशी मी अंगणातले शुक्रवारसुद्धा चाचपून पाहिले. ते होते. पण त्यांच्यात मी कुठे बसले होते, हे आता दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

पुढे ती गोष्ट आमच्यासोबत वाढली. लेकीच्या बारशाला सांगून झाली, तिच्या लग्नाच्या बैठकीत सांगून झाली. दर वेळी हे तिला एखादा दागिना चढवतात. हल्ली अंगठ्यावरचा डाग दाखवून सांगतात, "हा त्याच सोल्डरिंगचा चटका." तो इस्त्रीचा आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री करायला गेले होते, तेवढाच एकदा. मी हसून बघते. वाईट वाटायचं ते अशासाठी, की ते खोटं बोलत नाहीत. त्यांना आता ते खरोखरच तसं आठवतं. आणि मी घरात पुन्हा सोल्डरिंगचं टोक हातात धरलं नाही. मिक्सर बिघडला तरी बाहेर दिला.

"आजोबाऽ!" आतून इराची हाक आली. "प्लीज या ना. मी अडकलेय."

ह्यांनी मोबाइल खाली ठेवला, माझ्याकडे न बघता उठले आणि आत गेले. मी मेथी घेऊन मागोमाग गेले. दारातच बसले, आत सगळं दिसेल अशी.

"हा डायोड," इरा म्हणाली. तिच्या तळहातावर तो काचेचा इवला दाणा होता. "याला काळी पट्टी आहे. पट्टी कुठल्या साइडला? उलटं लागलं तर?"

ह्यांनी तो दोन बोटांत धरला. आधी डोळ्यांजवळ नेला, मग लांब. फिरवला. पुन्हा फिरवला.

"याचं असं आहे..." ते म्हणाले.

"हं?"

"हे... तुझ्या आजीला विचार. तिची नजर बारीक आहे."

नजर! इतक्या वर्षांनी, त्याच कुवेतमध्ये, द्यायला निघाले तर काय दिलं? नजर.

इरा माझ्याकडे वळली. माझ्या हातातली काडी मी सावकाश मोडली, पानं ताटात टाकली.

"मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणाले. "तुम्हीच तर बनवलं होतंत. सांगा की तिला."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. कधी नव्हे ते सरळ. मीही पाहिलं. ज्या माणसानं एकच सूर धरून मला 'अजून थोडं' म्हटलं होतं, तो तिथे कुठे दिसतो का ते बघत होते.

"आजोबा?" इरा म्हणाली.

"इथे उजेड कमी आहे गं," ते म्हणाले.

मी उठले आणि खोलीतले सगळे दिवे लावले.